रिकाम्या खुर्चीचं माप

मापताईंचं खरं नाव ऑफिसात हजेरीच्या यादीपुरतंच उरलं होतं. घराचे नकाशे बनवायच्या एका प्रोग्रॅमच्या मदत-केंद्रात त्या फोनवर बसायच्या. कुणाचंही काहीही अडलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "माप कुणी घेतलं? कुठून कुठपर्यंत?" बाकीची मंडळी "बंद करून परत चालू करा" एवढ्यावर निम्मे फोन निकालात काढायची. मापताई मात्र समोरच्याला टेप हातात घ्यायला लावायच्या, आणि त्यांच्या ड्रॉवरमध्येही एक पोलादी टेप कायम असायची. शेजारच्या टेबलावरचा बोलक्या त्यांना म्हणायचा, "ताई, देव भेटायला आला तरी तुम्ही आधी त्याची उंची विचाराल." त्यावर त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "दारातून आत घ्यायचा तर विचारायला नको?"

त्याआधी अठरा वर्षं त्यांनी एका आर्किटेक्टच्या कचेरीत तिरक्या फळीवर उभं राहून नकाशे काढले होते. तिथले मोठे साहेब कडक होते. एकदा मापताईंनी जिन्याचा नकाशा अगदी रेखीव काढला, पण वर चढताना तुळई डोक्याला लागेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. साहेबांनी पेन्सिलीने त्या जिन्यावर एक माणूस काढला. त्याचं डोकं नेमकं तुळईत घुसलं होतं. साहेब एवढंच म्हणाले, "जिना सुंदर आहे. चढणार कोण?" पुढे कॉम्प्युटर आले, साहेब थकले, कचेरी मिटली, आणि पन्नाशीला टेकलेल्या मापताई कानाला हेडफोन लावून या खुर्चीत येऊन बसल्या.

इथे तक्रारी नाना तऱ्हेच्या यायच्या. एका आजोबांचं छप्परच नाहीसं झालं होतं, कारण त्यांनी वरचा मजला चुकून लपवून ठेवला होता. एका नव्या जोडप्याचा पलंग जमिनीपासून हातभर वर तरंगत होता. चार भिंती आखल्या तरी फरशी दिसत नाही, ही तर रोजचीच रड. तेव्हा मापताई सांगायच्या, "एकेका कोपऱ्याजवळ जा. अजून जवळ. कुठेतरी दोन भिंतींच्या मध्ये केसाएवढी फट असेल. पाणी भरायचंय असं समजा. फट असली की पाणी राहत नाही, आणि खोलीही होत नाही." फट सापडली की पलीकडून "अगं बाई!" असा आवाज यायचा, आणि मापताई पुढचा फोन घ्यायच्या.

त्या बुधवारी सकाळी एका बाईंचा फोन आला. आवाज दबका, कुणी ऐकेल म्हणून बोलावं तसा.

"ती लाल रेघ कशी घालवायची, तेवढं सांगा. मागे तुमच्या इथल्या एका मुलाने सांगितलं होतं की सेटिंगमधली कुठली तरी खूण काढायची, म्हणजे रेघ दिसत नाही. मला सापडत नाही."

मापताईंनी मान वळवून बोलक्याकडे पाहिलं. तो लगेच कामात गढून गेला.

"लाल रेघ कधी येते?"

"खुर्ची दारातून आत नेली की येते. आणि आत फिरवली की पण."

"कसली खुर्ची?"

"चाकांची," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगी वीस वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी अपघात झाला आणि कमरेखालची ताकद गेली. ती अजून हॉस्पिटलात होती आणि पंधरा दिवसांनी घरी यायची होती. सोमवारी गवंडी येणार होता. न्हाणीघरातला उंबरा काढायचा, दार बदलायचं, नवी फरशी घालायची, एवढंच काम. नकाशाशिवाय हात लावणार नाही असं गवंड्याने बजावल्यामुळे आईने हा प्रोग्रॅम घेतला होता आणि चार रात्री बसून घर काढलं होतं.

"खूण काढू नका," मापताई म्हणाल्या. "ती लाल रेघ आपली वैरीण नाही, खुर्ची कुठे अडतेय ते ती दाखवते. फाइल पाठवा मला."

फाइल उघडताच त्यांना पहिली चूक दिसली. बाईंनी खोली आतून मोजली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत, अगदी बरोबर. पण प्रोग्रॅम मात्र भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप धरत होता. त्यामुळे दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी भिंत खोलीत शिरली होती. पंधरा सेंटीमीटर या अंगाने गेले आणि पंधरा त्या. मापताईंनी बाईंकडूनच ते करवून घेतलं. भिंत निवडा, माप आतल्या बाजूने धरा, आकडे पुन्हा घाला. खोली ऐसपैस झाली, खुर्ची आत गोल फिरली, आणि लाल रेघ गेली.

"गेली!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "देव तुमचं भलं करो. आता गवंड्याला कळवते." आणि आभार मानता मानता त्यांनी फोन ठेवूनही दिला.

काम फत्ते झालं होतं. तक्रार मिटल्याची नोंद झाली. पण मापताईंचं लक्ष पुढच्या फोनात लागेना. ते न्हाणीघर पडद्यावर तसंच उघडं होतं, आणि त्यात ती खुर्ची. प्रोग्रॅमच्या यादीतून उचलून ठेवलेली, राखाडी, साठ सेंटीमीटर रुंद. तिच्यात कुणीच बसलेलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपली चाकांची खुर्ची ढकलत खानपानाच्या खोलीच्या दाराशी नेली, तीत बसल्या, हात दोन्ही बाजूंना चाकं फिरवल्यासारखे धरले आणि पायांनी ढकलत दारात शिरू लागल्या. उजवं कोपर चौकटीवर सणकून आपटलं.

"ताई, मोटार शिकताय की काय?" बोलक्या डबा हातात घेऊन म्हणाला.

"शिकतेय. टेप आण."

खुर्चीपेक्षा माणूस दोन्ही बाजूंना मिळून वीत-दीड वीत जास्त जागा खात होता. आणि बाईंनी दारासाठी लिहिलेलं पंचाहत्तर हे चौकटीचं बाहेरचं माप. लाकूड वजा केलं, अर्धवट उघडी राहणारी फळी वजा केली, की मोकळी वाट उरत होती जेमतेम पासष्ट. मुलीला कुणीतरी मागून ढकललं तर ती आत जाईल. एकटी जाणार नाही.

त्यांनी परत फोन लावला.

"लाल गेलं ना?" बाईंच्या आवाजात आता धार होती. "तुम्हीच घालवलंत."

"भिंतींची मापं बरोबर झाली म्हणून गेलं. पण खुर्ची रिकामी आहे हो. तिला खुर्चीत बसवून मोजा. चाकं हातांनी धरल्यावर कोपरापासून कोपरापर्यंत. आणि पाठीपासून पायाच्या बोटांपर्यंत."

"तिला यातलं काही सांगितलेलं नाही मी."

"मग सांगा."

"काय सांगू? टेप घेऊन उभी राहू तिच्यासमोर? फ्रॉक शिवायला घेत होते मी मापं. गुदगुल्या होतात म्हणून पळायची घरभर." बाईंचा श्वास ऐकू येत होता. "आणि तुम्ही म्हणाल दार रुंद करा, मग म्हणाल भिंत सरकवा. मला भिंत फोडायचीच नाही. हे सगळं चार-सहा महिन्यांपुरतं आहे. डॉक्टर नाही म्हणालेले नाहीत."

"काय म्हणाले?"

"बघू, म्हणाले."

मापताईंनाही एक मुलगी होती, दूर गावी नोकरीला, दोन्ही पायांवर धडधाकट. तिचा फोन रविवारी उशिरा आला तरी त्या दारापर्यंत दहा खेपा घालायच्या. अशा माणसाने या बाईंना शहाणपण शिकवायचं तरी कसं? शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "रुंद दारातून चालत जाणाऱ्यालाही जाता येतं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पाठीमागे सुपरवायझर उभे होते. फोन ऐकणं हे त्यांचं कामच होतं. "मॅडम, आपण प्रोग्रॅमपुरतं बोलायचं. उद्या काही कमी-जास्त झालं, तर लोक कंपनीकडे बोट दाखवतील."

"दार अडलं तर कुणाकडे दाखवतील?" मापताई म्हणाल्या. ते निघून गेले. गुरुवार तसाच गेला.

शुक्रवारी दुपारी त्याच तक्रारीच्या क्रमांकावर फोन आला. आवाज मात्र तरणा होता.

"मापताई तुम्हीच ना? मी खुर्चीतली. आईने फोन लावून दिला आणि बाहेर गेली. रडायला. तिला वाटतं मला कळत नाही. लिहून घ्या. नुसती चाकं चौसष्ट. हात धरून एकोणऐंशी. कोपरं मोकळी सोडली की त्र्याऐंशी. आईने तीनदा मोजलं आणि तीनदा वेगळं आलं. म्हणून टेपचं एक टोक मी धरलं."

"हुशार आहेस गं."

"ते असू दे. मला एकच सांगा. आत गेल्यावर वळून दार मला लावता येईल का? माझं मला? इथे दोन महिने कुणी ना कुणी आत असतंच. नर्स असते, नाहीतर आई. मला एकटीला बसायचंय हो आत. आईने पाठवलेलं चित्र पाहिलं मी. त्यात दार लावायला खुर्चीच्या मागे हात कुणाचा पोचणार?"

"कुणाचाच नाही. लॅपटॉप आहे का जवळ?"

मांडीवर लॅपटॉप ठेवून ती मुलगी आणि कानाला हेडफोन लावून मापताई, अशा दोघी बसल्या. मुलीने धिटाईने मधली भिंत पुसूनच टाकली. सगळी फरशी गायब. "गेलं! सगळं घर गेलं!"

"काही गेलं नाही. एक पाऊल मागे ये, वरची उलट्या बाणाची खूण दाब. हां. भिंत कधी पुसायची नाही. तिला मधोमध धर आणि ओढ, म्हणजे तिच्या दोन्ही अंगांच्या खोल्या तिच्याबरोबर येतात."

भिंत बोळात पन्नास सेंटीमीटर सरकली. बिजागरीचं दार गेलं आणि भिंतीवरून बाजूला सरकणारं आलं, मोकळी वाट नव्वद. बेसिन कोपऱ्यात गेलं, त्याच्याखाली गुडघे जातील अशी जागा ठेवली. मापताईंनी खुर्चीभोवती त्र्याऐंशी रुंदीची एक चौकट काढायला लावली आणि तिला पायांच्या जागी पुढे लांबवायला सांगितलं. "ही तू. आता स्वतःला आत ने. वळ. हात दारापर्यंत पोचतो का बघ."

"पोचतो," मुलगी हळूच म्हणाली.

तेवढ्यात आई आल्याचं ऐकू आलं. "आणि बोळातलं माझं कपाट? ते कुठे जाणार?"

"ते हिंडेल की, आई. घरात कुणीतरी हिंडायला नको का?"

आई ओल्या आवाजात हसली, मुलगी हसली, आणि मापताईंनी आपला माइक बंद केला. त्यांना त्या दोघींना आपला आवाज ऐकू जाऊ द्यायचा नव्हता.

थोड्या वेळाने आईने फोन हातात घेतला. "सोमवारी गवंड्याला काय सांगू?"

"या भिंतीत खांब नाही आणि वरचा भार नाही, हे त्याच्याकडून आधी पाहून घ्या. ते मला इथून दिसत नाही. मग फोडायला सांगा."

"फोडा म्हणून मीच सांगायचं?"

"तुम्हीच."

"बरं," आई म्हणाली.

तो फोन एक तास पन्नास मिनिटं चालला. सोमवारी मापताईंच्या टेबलावर लेखी समज आली. त्यांनी ती वाचली, सही केली आणि छप्पर शोधणाऱ्या दुसऱ्या एका आजोबांचा फोन घेतला.

महिना-सव्वा महिना गेला. एका सकाळी हेडफोनमध्ये तोच दबका आवाज आला.

"मी बोलतेय. चाकांच्या खुर्चीची आई."

"ओळखलं. प्रोग्रॅम अडला का?"

"नाही. ती आत आहे. एकटी. दार लावून घेतलंय. भिंत फोडताना मी घरात थांबले नाही, पण आता झालंय सगळं तुम्ही काढलंत तसंच. मी बाहेर उभी आहे दाराला लागून. दहा मिनिटं झाली. पाण्याचा आवाज येतोय. मधेच थांबतो. काय करू?"

"तिने हाक मारली?"

"नाही."

"मग तिथून बाजूला व्हा."

"पडली तर?"

पडणार नाही असं सांगणं मापताईंच्या हातात नव्हतं. "हाक ऐकू येईल एवढ्याच लांब जा," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघर किती पावलांवर आहे?"

"असतील आठ-नऊ."

"जा मग. फोन ठेवू नका. मी आहे."

पलीकडे काही हललं नाही. नळाचं पाणी पडत राहिलं. मग फरशीवर चपला घासल्या. एक पाऊल. दुसरं. पाण्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.