दहा दिवसांची सुट्टी

आमच्या कॉलेजला स्वतःचा तलाव नाही. पोहण्याचा संघ मात्र दरवर्षी पाठवावा लागतो, आणि तो निवडायचं काम क्रीडा शिक्षिका म्हणून माझं. वीस वर्षं करतेय. संघात बहुतेक त्याच घरांतल्या पोरी येतात, ज्यांना सातव्या-आठव्या वर्षापासून आईवडील गाडीतून क्लबच्या तलावावर सोडतात.

एका वर्षी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. खानापूरकडच्या खेड्यातली. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, सुट्टीच्या दिवशी शेतात.

"मॅडम, मला लई चांगलं पवायला येतंय," ती म्हणाली. शिकली कुठं विचारलं, तर म्हणाली, चुलत्याच्या विहिरीत.

मी तिला सार्वजनिक तलावावर नेलं. पाण्यात पडली आणि सरळ सुटली. पण पलीकडच्या भिंतीला हात लागला की थांबायची. विहिरीत भिंत आली की पोहणं संपतं. तिथून उलटं वळायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

बायकांची वेळ सकाळी सहाची, आणि तिच्या गावची पहिली बस साडेसातला पोचायची. म्हणून ती अनगोळला मावशीकडं राहायला आली. पहाटे तलाव, मग कॉलेज, आणि दुपारी दोनपासून रात्री दुकान बंद होईपर्यंत शहापुरात साड्यांच्या दुकानात नोकरी. कधी कधी काठावर बसल्या बसल्या तिला डुलकी लागायची. दीड महिन्यात वळण जमलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शंभर मीटरला ती दुसरी आली, म्हणजे विद्यापीठाच्या संघात नक्की. त्याआधी बेंगळुरूला दहा दिवसांचं शिबिर.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि बसलीच नाही. जमणार नाही म्हणाली. खर्चाचं असेल असं मला वाटलं. तो मी करते, म्हटलं.

"पैशाचं न्हाय मॅडम. धा दिस न्हाय गेले तर माझ्या जागी दुसरी पोरगी घेतील. भाऊ बारावीला हाय."

मी फार ताणलं नाही. त्या आठवड्यात परीक्षेची कामं होती, मी दमले होते. तिसरी आलेली मुलगीही आमच्याच कॉलेजची, तिचं नाव पाठवलं. तिचा काही दोष नव्हता. मेहनती होती, स्वभावानंही चांगली. पुढं खेळाडूंच्या राखीव जागेतून तिला एम.बी.ए.ला प्रवेश मिळाला.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाची खरेदी करायला शहापुरात साड्यांच्या दुकानात शिरले, तर काउंटरवर तीच, अजून त्याच दुकानात. अंगानं भरलीय, गळ्यात मंगळसूत्र. मला बघून हसली, स्टूल पुढं केलं. दुकानाचे मालक म्हातारे, मऊ बोलणारे. त्यांनी पाणी मागवलं आणि हिची ओळख कशी, असं विचारलं.

मी म्हटलं, "माझी विद्यार्थिनी. फार छान पोहायची. विद्यापीठाच्या संघात निवड झाली होती."

"व्हय?" ते तिच्याकडं बघत म्हणाले. "आमाला कधी बोलली न्हाय."

ती साडीची घडी घालत राहिली. त्या वेळी एकदा या माणसाला येऊन भेटावं, दहा दिवस मागावेत, हे मला सुचलंच नव्हतं. तिला बहुतेक धीर झाला नसेल. मला तर कुणाची भीतीही नव्हती.

तिनं दुसरी साडी उलगडली आणि काठ कसा वाटतो, विचारलं.