हुक मी काढला होता

या फोरमवरचे अनुभव मी नेहमी हसत वाचतो. आमच्या घराण्यात कुणाच्या अंगात आलं नाही, कुणाला रिकाम्या बंगल्यात पैंजण ऐकू आले नाहीत... माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही नाही, असं म्हणायला आवडेल. तरी लिहितोय.

२००९चा ऑक्टोबर. ओटावाच्या पश्चिमेला, तासाभरावरचं जंगल. माझ्या चुलतभावाची बायको, सुनीतावहिनी, मूळच्या नागपूरच्या. आठवडाभर ओटावाच्या कनाटा उपनगरात सॉफ्टवेअर टेस्ट करतात आणि वीकेंडला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात, रीतसर लायसन्स काढून. मी नुसता बघायला गेलो होतो.

बसायचं झाडावर, क्लाइंबिंग स्टँडवर. त्याचे दोन भाग — वर सीट, खाली पाय ठेवायची फळी. सीट वर सरकवून बसायचं, मग पायांनी फळी ओढून घ्यायची, असं सुरवंटासारखं खोड चढत जायचं. दोन्ही भाग एकमेकांना दोरीने बांधलेले. शिवाय अंगावर हार्नेस: खांद्यांना, छातीला, मांड्यांना पट्टे, आणि पाठीमागचा एक पट्टा खोडाभोवतीच्या दोराला हुकने अडकवलेला.

"वरातीच्या घोड्यालाही एवढं सजवत नाहीत, वहिनी."

"हसून घ्या, भाऊजी. पण जमिनीवरून पाय उचलायच्या आधी हुक लागला पाहिजे, अन् पाय पुन्हा जमिनीला लागल्यावरच निघाला पाहिजे. मधात नाही."

समोरासमोरच्या दोन पॉपलरच्या झाडांवर आम्ही चढलो, साधारण दुमजली घराच्या छपराएवढं उंच. दुपारी भूक लागली. खिशातून पोळीभाजीची गुंडाळी काढली, पण पायात बूट ठेवून जेवायचं जिवावर आलं. नाडी सोडायला वाकलो तर मागचा पट्टा ओढू लागला. म्हणून हुक काढला. तो दोन ठिकाणी दाबल्याशिवाय उघडत नाही. मी दाबला, काढला, लोंबत सोडला. बूट उतरवले आणि सीटवर ऐसपैस मांडी घातली.

पायांचा भार गेल्यावर फळी सुटून घसरली. दचकून मी पाय खाली टाकला — खाली काहीच नव्हतं. तोल जाऊन सीटवरून सुटलो.

"भाऊजी, हुक!" वहिनी ओरडल्या... आणि मी हवेतच थांबलो. पट्टे मांड्यांत रुतले होते. वर पाहिलं. हुक दोरात होता. बंद.

घाबरायचं काम मी एकट्याने केलं. वहिनींचा आवाज ऑफिसच्या मीटिंगमधला. "नुसते लोंबकळून राहू नका, पायातलं रक्त थांबते. छातीवरच्या पाकिटात पट्टा आहे, त्याच्या वेटोळ्यात पाय घाला, उभे राहा." मग त्या स्वतः उतरल्या, टप्प्याटप्प्याने दोर खाली सरकवत, एकही टप्पा न गाळता. दीर झाडाला टांगलेला असताना एवढी शिस्त पाळायला वेगळीच छाती लागते. खालून एकेक सूचना देत त्यांनी मला सीटवर बसवलं, दोरीने फळी वर ओढून घ्यायला लावली आणि जमिनीवर आणलं.

"हुक मी काढला होता, वहिनी."

"पाहिला ना मी. तुमच्या गुडघ्यापाशी लोंबत होता. म्हणून तर ओरडली."

"मग लावला कुणी?"

प्रत्येक बगचं कारण शोधल्याशिवाय न झोपणारी ती बाई. तिने हुक हातात घेऊन दोनतीनदा उघडला, मिटला. "पडता पडता अडकला म्हणावं, तर हा असा अडकत नाही," एवढंच म्हणाली.

नंतर वहिनींच्या घरी बेसमेंटमध्ये आम्ही तो नाना तऱ्हांनी दोरावर आपटून पाहिला. एकदाही लागला नाही. स्पष्टीकरण आजही नाही.

वहिनींबरोबर मी अजून जातो. बूट घालूनच जेवतो, हुकला हात लावत नाही. ज्या कुणी त्या दिवशी तो लावला, त्याला दुसऱ्यांदा तसदी देणं बरं दिसत नाही.