गोजरबाईची माशी

डाळज गावात सर्जेरावाची मेंढरं शिंकू लागली आणि खापर फुटलं गोजरबाईवर. मेंढरं नाक भुईला घासायची, काही तर मान वाकडी करून गरगर फिरायची आणि मरायची. गोजरबाई त्याची विधवा भावजय, तिचा कळप शेजारीच बसायचा. सर्जेरावानं बिरोबाच्या देवळापुढं चारचौघांत सांगितलं, "हिनं करणी केली. हिची नजर वंगाळ हाय."

बोलणं सोमेश्वरनगरपर्यंत पोचलं आणि तिथल्या पाहुण्यांनी सुकन्याचं, गोजरबाईच्या लेकीचं, ठरलेलं लग्न मोडलं. गोजरबाई रडली नाही. भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "हे खोटं हाय म्हणून त्याच्याच तोंडानं वदवून घेईन. त्याच देवळापुढं."

पुढं एकदा तिचीच एक मेंढी जोरात शिंकली आणि नाकातून बोटाच्या पेराएवढी जाड अळी पडली. गोजरबाईनं ती चिरडली नाही. पावडरच्या डब्यात माती भरून तिच्यात सोडली, वर फडकं बांधलं. मग अशा अळ्या गोळाच करत गेली.

"आई, ही घाण कशाला पाळतीस?" सुकन्यानं विचारलं.

"वैरी हाय. जपायला लागतोय."

अळ्या मातीत शिरल्या, त्यांचे काळे टणक कोष झाले आणि महिना उलटल्यावर त्यांतून माश्या निघाल्या. करड्या, मधमाशीएवढ्या. गोजरबाईनं डबा उचलला आणि इंदापूरची एसटी धरली. तिथं तिच्या भाच्याचा, सिद्धूचा, फोटो स्टुडिओ होता. माशी मरून जाईल, फोटो टिकेल आणि चारचौघांना दिसेल एवढा मोठाही होईल, असा तिचा हिशेब होता.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या सिद्धूला माशी काही ऐकेना. पहिला फोटो हलला. बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तो बघून मान हलवली. "यावरून कुठलीही माशी म्हणता येईल. पाठ स्वच्छ दिसू द्या, तोंड समोरून घ्या."

मग सिद्धूनं शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रिजमध्ये माशी ठेवली. ती गारठून निपचित पडली, तेव्हा त्यानं कॅमेऱ्याची लेन्स उलटी लावून जवळून फोटो घेतले. डॉक्टरांनी ते पुस्तकातल्या चित्रांशेजारी ठेवले, भिंगातून बराच वेळ पाहिले.

"डोकं मोठं, पाठीवर काळे बारीक ठिपके. आणि तोंड बघा, जवळजवळ नाहीच. ही चावत नाही, खात नाही. उडता उडता मेंढीच्या नाकात जिवंत अळ्या सोडते. मावशी, याला इंजेक्शन आहे."

गोजरबाईनं आपला कळप टोचून घेतला आणि गप्प राहिली. तिकडं सर्जेराव देवऋषी आणत होता, अंगारे लावत होता. तो मेलेलं मेंढरू ओढत नेताना दिसला की तिला भाकरी गोड लागायची.

"सांग की त्यांस्नी," सुकन्या म्हणाली. "मुकी जनावरं हायत ती."

"तुझं लगीन मोडलं तवा कुणाला दया आली?"

बिरोबाच्या जत्रेदिवशी तिनं देवळाच्या पायरीवर माशीचा फोटो ठेवला, पाटाएवढा मोठा करून, काचेच्या फ्रेमीत. सकाळीच मेलेली सर्जेरावाची मेंढी तिनं पंचांकरवी तिथं आणवली. "हिचं डोस्कं फोडा," म्हणाली. पुजारी बिरू कचरला, पण पंचांनी मान डोलावली. कुऱ्हाडीचा घाव बसला आणि कवटीतून अळ्या वळवळत बाहेर आल्या. माणसं वाकून बघू लागली. तिनं अळीपासून माशीपर्यंत सगळं सांगितलं.

"सर्जेराव, ही माझी नजर हाय का?"

"न्हाय, वयनी."

"मोठ्यानं."

"करणी न्हाय हिची. मी खोटं बोललो." त्यानं हात जोडले. "आता औषध सांगा."

"सोमेश्वरनगरला जाऊन हेच बोला. मग सांगते."

तो गेला, बोलला. पाहुण्यांनी पुन्हा मागणी घातली, पण सुकन्यानंच नकार कळवला. एकदा ऐकीव बोलण्यावर सोडणारं घर तिला नको होतं. सर्जेराव जाऊन येईपर्यंत त्याची आणखी मेंढरं गेली होती. तो परत आल्यावर गोजरबाईनं त्याला डॉक्टरांचं नाव सांगितलं.

तो दारातच घुटमळला. "झालं का समाधान, वयनी?"

तिनं थोडा विचार केला.

"न्हाय," म्हणाली आणि मेंढरांना पाणी दाखवायला निघून गेली.