एरंडोलपलीकडची विहीर

दुसऱ्या योजनेच्या पाहणीसाठी जळगावहून सकाळच्या एस.टी.ने निघालो. फाल्गुन लागला होता. काळ्या शेतांत कापसाच्या पळाट्या वाळत उभ्या. एरंडोलपासून पुढे चार मैल पायी. वाटेत वहाणेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली.

हे गाव मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत गावोगावच्या गरजा लिहून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. चावडीवर पाटील, म्हणजे आबा, छाती काढून म्हणाले होते की आमच्या गावात कशाची कमी नाही. पाहुण्यापुढे गावाचं उणं बोलायचं नाही, ही इकडची रीत. येताना नदीच्या झिऱ्यावर (वाळूत उकरलेला खड्डा) बायका वाटीवाटीने हंडे भरताना मी पाहिल्या होत्या. तरी लिहिलं, 'पाणी पुरेसे.' अंधारायच्या आत आणखी दोन गावं उरकायची होती. विहिरींच्या यादीतून गाव गळलं. हे मी तोवर घरीसुद्धा बोललो नव्हतो.

वेशीत शिरलो आणि थबकलो. समोर काळ्या दगडात बांधलेली विहीर! गावाने तीन उन्हाळे श्रमदान करून खणलेली. खडकाला सुरुंग तेवढे विकास गटाने दिलेले. टोपलंभर माती मी उचलली नव्हती, तरी ऊर भरून आला. रहाटावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "हातमा जोडा ली (घेऊन) हिंडस, सरकारी मानूस शे (आहे) वाटस."

आबांच्या ओट्यावर भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) होती. दुसऱ्या भाकरीला मी सगळं सांगून टाकलं. आबा चावायचे थांबले.

"सांगं तर आम्हीनच व्हतं. पन रावसाहेब, तुम्हले डोया (डोळे) व्हतात ना?"

आबांनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं आणि टेकाडामागच्या भिल्लवस्तीकडे बोट दाखवलं. "तठे (तिकडे) जा. त्या (ते) बी सांगतीन, बठ्ठं (सगळं) शे. इचारू नका, देखा."

वस्तीच्या झिऱ्याकाठी दुपारभर बसलो. एका म्हातारीने पाणी झिरपायची बराच वेळ वाट पाहून लोटा भरला आणि तो मलाच दिला. पाणी पुष्कळ आहे, म्हणाली. मी प्यालो, आणि कागदावर लिहिलं, 'पाणी नाही.'

योजना कागदावरच असतात, असं लोक हसून म्हणतात. असतात, म्हणून तर कागदावर खरं लिहायचं. वस्तीचं नाव यादीत लागलं, हे अभिमानाने सांगतो. पहिल्या गावाचं मी गाळलं होतं, हेही सांगतो.