साडूसारखे टायर
नव्या रबराचा वास आला की माझा थोरला साडू आठवतो. सिन्नरकडच्या कातळावर त्याची जीप सरसर चढली आणि माझी खालीच घसरत राहिली. त्याच्यासारखे टायर मागितले तर टायरवाला म्हणाला, "रोज ओझरला कामावर जाता, साधेच घ्या. हे रस्त्यावर लय आवाज करतात." मला साडूचेच हवे होते, मोठ्या खाचांचे. ते बसवून रविवारी सासुरवाडीला गेलो. गल्लीतली घरघर ऐकून सासूबाई हसत फाटकापर्यंत आल्या. माझ्यासाठी त्या कधी उठल्याही नव्हत्या. "अगंबाई, तुम्ही होय," म्हणाल्या आणि आत वळून सुनेला सांगितलं, "नुसता चहाच ठेव गं, भजी राहू दे." आता कातळ मीही चढतो, पण ओझरच्या रस्त्यावर रोज साडूचीच गाडी चालवतोय असं वाटतं.