दादाची मालिका

दादा एक्केचाळीस वर्षांचा होता आणि फ्रिज उघडण्याआधी दारावर टकटक करायचा. आत भाज्या झोपल्या असतील म्हणून. कुठल्याच नोकरीत त्याचं बूड स्थिरावलं नाही, तेव्हा आई गेल्यावर तो धाकट्या बहिणीकडे राहायला आला. बहीण टीव्हीसाठी लिहायची. त्याच्या वागण्याने ती वैतागायची, आणि त्याच्या गोष्टी ऐकून पोट धरून हसायचीही.

मग तिने त्याच्यावरच विनोदी मालिका लिहिली, 'एवढा घोडा झालास'. मालिकेत फ्रिज खरोखर उत्तरं द्यायचा, जिना रुसून बसायचा, आणि चाळिशीचा नायक ढगाला मोजे घालायचा. लोकांनी मालिका डोक्यावर घेतली. दादा तर मांडी ठोकून टीव्हीसमोर बसायचा. "फ्रिजचा आवाज चुकलाय गं," म्हणायचा. "आपला जरा खेकसतो."

दुसऱ्या वर्षी एका भागाला काही केल्या विषय सुचेना. चॅनेलवाले मानगुटीवर बसलेले. आई गेली त्या दिवशी दादा तिच्या कपाटात शिरला होता आणि तिच्या कपड्यांत संध्याकाळपर्यंत बसून राहिला होता. हे फक्त बहिणीला ठाऊक होतं. तिने ते लिहून टाकलं. स्टुडिओतले प्रेक्षक खो खो हसले.

दादाने भाग शेवटपर्यंत पाहिला.

"हे हसण्यासारखं होतं का गं?"

रागाने नाही, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं त्याने. तिने उठून टीव्ही बंद केला.

पुढच्याच आठवड्यात तो पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला लागला. केस नीट विंचरू लागला. टकटक न करता फ्रिजमधून दूध काढू लागला. "चला, सुधारला एकदाचा," नातेवाईक म्हणाले. वर्षभरात त्याने दुकानाजवळ खोली घेतली. तिने मालिका सोडली. दुसऱ्या कुणीतरी ती पुढे चालवली.

एका रविवारी धीर करून ती त्याच्याकडे गेली.

"दादा, चुकलं माझं."

तो एका पुठ्ठ्याला गोंद लावत होता. "अगं, तुझं कामच होतं ते."

यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. त्याने तिला खुर्ची दिली, चहा केला, तब्येतीची चौकशी केली. निघताना बसस्टॉपपर्यंत आला आणि पाहुण्यांना म्हणतात तसं म्हणाला, "येत जा अधूनमधून."

ती हो म्हणाली. बस सुटल्यावर मात्र तिला रडू आवरेना.