बोरडॉक बुटक्याचा हात कडीवर होता की नव्हता

व्हर्लिन होपनरला कुठल्याही वस्तूकडे नुसतं बघताच येत नसे. बघितलं की आकडा आलाच. बटाटा हातात घेतला की "सात. डाव्या बाजूला दबलाय." काका वारले, शवपेटीत छान निळ्या कोटात निजवले होते, सगळे डोळे पुसतायत आणि हा वाकून पुटपुटतो, "कोपरे शाबूत आहेत." लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी बायकोला, मार्लिसला, त्याने नऊ पूर्णांक दोन दिले होते.

"आणि उरलेलं पॉइंट आठ कुठं गेलं?" मार्लिसने विचारलं.

"दहा कुणालाच मिळत नाही गं. दहा म्हणजे छापखान्यातून निघाल्यावर माणसाचा हातच लागला नाही अशी प्रत."

"तीन पोरं झाल्यावर नऊ दोन? घेते मी," असं म्हणून तिने केक कापला होता.

दोघं नोकरीला एकाच ठिकाणी. एल्कहॉर्न गावाच्या बाहेर, जुन्या चीज कारखान्याच्या इमारतीत. जुन्या खेळांची पुस्तकं तिथे प्रतवारीला येत. तेच खेळ, ज्यात एक जण पुस्तक मांडीवर घेऊन भुयारं आणि राक्षस सांगतो, बाकीचे आपापला वीर काय करतो ते बोलतात आणि वीस बाजूंचा फासा कुणाला जगवायचं ते ठरवतो. व्हर्लिन कणा तपासायचा, पिनांचा गंज भिंगाखाली धरायचा, पानं मोजायचा, आकडा लिहायचा. मग मार्लिस तिच्या यंत्रावर ते पुस्तक जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद करायची. त्यानंतर ते वाचता येत नाही, खेळता येत नाही. भिंतीवर मांडायचं आणि पाहुण्यांना आकडा दाखवायचा.

एका मंगळवारी टेबलावर 'कुबड्या राजाचं तळघर' आलं. बत्तीस पानी पातळ वही, सुटं कव्हर, आत नकाशा. व्हर्लिनने पाठ उलटली आणि हात आखडला. पाठीवर कोकोच्या कपाचा गोल डाग होता, एका बाजूला तुटलेला. तो कप त्याच्याच आईचा, कान तुटका, बुडाचा टवका उडालेला, लहानपणी मित्राकडे खेळायला नेला तो तिथेच राहिलेला. आणि पुस्तक त्या मित्राचं, लायल टेस्केचं.

लायल आणि तो चौदा वर्षांचे असताना, एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत, टेस्केंच्या तळघरात हा खेळ अकराव्या पानावर थांबला होता. खेळ लायल चालवत होता. व्हर्लिनचा वीर म्हणजे बोरडॉक नावाचा बुटका, दाढी गुडघ्यापर्यंत. समोर काळं दार. व्हर्लिन म्हणाला, "मी दार उघडतो," आणि लगेच, "थांब थांब, आधी सापळा आहे का बघतो."

"हात कडीवर पडला," लायल म्हणाला. "बोललास ते बोललास."

"पडला नव्हता!"

"पडला होता!"

तेवढ्यावरून त्रेचाळीस वर्षं दोघं बोलले नाहीत. चर्चमध्ये दोन बाक सोडून बसायचे. लायलच्या घराचं छप्पर उडालं तेव्हा व्हर्लिनने शिडी नेऊन दिली, पण कुंपणाला टेकवून गुपचूप परत आला. बोरडॉक मात्र अजून त्या दाराशी उभाच होता.

आता पेच असा पडला. शुक्रवारी पुस्तक डबीत जाणार, म्हणजे दाराआड लायलने काय ठेवलं होतं ते जगात कुणालाच कळणार नाही. पण खेळणाऱ्याने चालवणाऱ्याचं पुस्तक वाचायचं नसतं. आणि बोरडॉक तर अजून जिवंत होता, म्हणजे व्हर्लिन अजून खेळतच होता! पानं तर मोजायलाच हवीत. त्याने पुस्तक उलटं धरून, डोळे बारीक करून मोजून पाहिलं. एकदा एकतीस आली, एकदा चौतीस. शेवटी त्याने मार्लिसला हाक मारली.

ती मोजू लागली. अकराव्या पानावर थांबली. समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. तिने ते वाचलं आणि इतकी हसली की चष्मा काढावा लागला.

"सांगू?"

"खबरदार! एक अक्षर जरी बोललीस तर."

"व्हर्लिन, सत्तावन्न वर्षांचा आहेस तू."

"बोरडॉक एकशे चाळीस वर्षांचा आहे. त्याचाही जरा विचार कर."

समासात लिखाण सापडलं की मालकाला फोन करून विचारायचं, खोडायचं की ठेवायचं, हा तिथला रिवाज. व्हर्लिनने नंबर फिरवला. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"टेस्के."

"प्रतवारीतून बोलतोय. तुमच्या पुस्तकात अकराव्या पानावर पेन्सिलीचं लिखाण आहे."

पलीकडे खुर्ची करकरली; आवाज ओळखला होता. मग, "हात कडीवर होता."

"नव्हता, लायल!"

"मला माळा रिकामा करायचाय म्हणून पाठवलं. तुझ्या टेबलावर येईल असं वाटलं नव्हतं."

"बंद करण्याआधी खेळ संपव. पुस्तक बाहेर नेता येत नाही, तूच इकडे ये."

"शुक्रवारी मी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये मासे खातो."

"मासे घेऊन ये!"

शुक्रवारी संध्याकाळी पाचला लायल आला. हातात तळलेल्या पर्च माशांचा डबा, बगलेत राय ब्रेड. व्हर्लिनने आधी त्याला साबणाने हात धुवायला लावले, मग पुसायला लावले, मग उजेडात धरून तपासले. "सहा," तो म्हणाला. "नखं."

"आणि तुझं टक्कल बघ! पूर्ण दहा आहे, एक डाग नाही," लायल म्हणाला आणि पुस्तक उघडायला गेला.

"एवढं नको! कणा मोडेल! चतकोरच उघड!"

मग लायलने एक डोळा मिटून, कोंबडा कुंपणाच्या फटीतून बघतो तसा, त्या चतकोर फटीतून अकरावं पान वाचलं. आणि त्याचे कान लाल झाले.

"काय आहे? सापळा? ड्रॅगन?" व्हर्लिनला बसवेना.

लायलने पुस्तक मिटलं. मार्लिस यंत्रामागून म्हणाली, "सांगून टाक, लायल. मी वाचलंय."

"छापलंय, दाराआडचं चालवणाऱ्याने ठरवावं. आणि शेजारी मी लिहिलंय," लायल म्हणाला, "'दाराआड काय ते अजून सुचलं नाही. गुरुवारपर्यंत ठरवणे.'"

व्हर्लिन उभाच राहिला. "म्हणजे काहीच नव्हतं? आणि हात कडीवर होता म्हणून भांडलास?"

"तू दार उघडायला निघालास! मी काय सांगणार होतो? भांडण काढलं. वाटलं, दोन दिवसांत सुचेल, मग मिटवू. सुचलंच नाही रे!"

"त्रेचाळीस वर्षं?"

"दर गुरुवारी विचार करायचो."

"म्हणजे हात कडीवर नव्हता."

लायलने माशाचा तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला. "नव्हता," तो म्हणाला, आणि पान पुन्हा उघडताना अंगठा बरोबर समासावर ठेवला. उचलला तेव्हा तिथे तेलाचा अख्खा ठसा.

मार्लिसने डोळे मिटले. साडेआठचं पुस्तक तिच्या देखत पाचावर आलं होतं. व्हर्लिनने भिंग लावून ठशाकडे पाहिलं, फॉर्मवर 'पान ११, अंगठा, ताजा, पर्च' असं लिहिलं आणि खिशातून वीस बाजूंचा फासा काढला. तो त्याने मंगळवारपासूनच खिशात ठेवला होता.

"मी सापळा आहे का बघतो. पडले सतरा! नाही सापळा. आता उघडतो. काय दिसतं?"

लायल छताकडे बघत राहिला. मासे गार झाले.

"व्हर्लिन," तो शेवटी म्हणाला, "मला गुरुवारपर्यंत वेळ दे."

मार्लिसने यंत्राचं बटण बंद केलं. आकड्याच्या चौकोनात व्हर्लिनने काहीच लिहिलं नाही. शेऱ्यात लिहिलं, 'प्रत वापरात आहे', आणि पुस्तक लायलच्या हातात दिलं.

"गुरुवारी आमच्या घरी," मार्लिस म्हणाली. "आणि लायल, तू कप आणू नकोस. आमच्याकडे कान असलेले आहेत."